हिरण्यकश्यपूची मिशी

२९ जून १९३७, मंगळवार

रोजनिशी लिहायची हे ठरवून लई दिवस झाले. आज लिहू, उद्या लिहू. एकदा दौत सांडली. एकदा टाक निंगप्पा सुताराकडं राहिला. एकदा लिहायला बसलोच होतो तर वेशीत अस्वलवाला आला, मग त्याच्यामागं पुढच्या गावापर्यंत जावं लागलं. आता मात्र लिहिणं भाग आहे. मला सूड घ्यायचाय, आणि सूड नुसता डोक्यात ठेवला की माझ्या डोक्यातून निघून जातो.

तारखेचं असं आहे की आत्या तिथी धरते, कचेरीत फसली सन चालतो. आर्टिस्ट लोक इंग्रजी तारीख घालतात. मी आर्टिस्ट आहे.

शत्रू: किशनराव ठसेवाले, मुक्काम हुमनाबाद. लुगड्यांचे ठसे, लग्नपत्रिकेचे गणपती, जत्रेच्या जाहिराती, सगळं लाकडात कापतो, शाई लावतो, कागदावर उठवतो. लोक त्याला मोठा कलावंत समजतात. मिशा दोन्ही अंगांनी वर वळवलेल्या. रस्त्यानं येताना आधी मिशा दिसतात, मग किशनराव.

गुन्हा पहिला. गुलबर्ग्याच्या प्रदर्शनात त्याच्या बैलजोडीच्या चित्राला मेडल मिळालं. त्यातल्या डाव्या बैलाची शेपटी मी कापलेली आहे! त्याच्या दुकानात शिकायला होतो तेव्हा. चित्राखाली नाव कुणाचं? एकट्या किशनरावाचं. शेपटी काढून टाका त्या बैलाची, मग मिळतं का मेडल बघू.

गुन्हा दुसरा. मला दुकानातून हाकललं. कारण काय, तर नवी फळी मी उन्हात ठेवून कुस्त्या बघायला गेलो आणि फळी तडकली. ऊन काय माझं आहे? वर भर बाजारात, चारचौघांत म्हणाला, "ग्यानबा, तू लाकडाला हात लावू नको बाबा. त्यानं तुझं काय वाकडं केलंय?"

लोक हसले. पानवाला तर चुना तळहातावर तसाच ठेवून हसला.

इंतेकाम घेणार. उद्यापासून.

४ जुलै, रविवार

उद्यापासून म्हणालो होतो, ते जमलं नाही. मधे एक वरात आली.

आज मामांनी घोळ घातला. मामा म्हणजे आत्याचे यजमान उद्धवराव. लहानपणापासून मी हळ्ळीखेडला यांच्याकडंच असतो. आत्याला मूलबाळ नाही, मामांना माझ्यात राम दिसत नाही. जेवताना म्हणाले, "पोळ्यापातुर काय कापायचं ते काप. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी गाडी जुपतो अन् तुला हुमनाबादच्या आडतीत मापाड्याच्या हाताखाली बसवतो. बोंबललास तरी ऐकणार न्हाई."

मी विचारलं, "तोवर दुनियेनं मला मानलं तर?"

"दुनिया राहू दे. एक, फक्त एक शहाणा माणूस माझ्या दारात येऊन म्हणू दे की ह्या पोराच्या हातात काम हाय. मी गप बसतो."

एकच! मामांना हिशेब येत नाही. शहाणी माणसं रांग लावून उभी राहतील. आत्यानं माझ्या भाकरीवर तूप वाढलं आणि मामांकडं रागानं बघितलं.

आडतीत ज्वारीची मापं ओतत आयुष्य काढायचं, आणि किशनरावानं समोरून मिशा घेऊन जायचं! त्यापेक्षा मेलेलं बरं. त्याआधी त्याला मारलेलं बरं. म्हणजे चित्रात.

८ जुलै, गुरुवार

सुचलं! दुपारी, म्हशीला पाणी दाखवताना.

पाटलाची राजूबाई आत्याकडं रडगाणं घेऊन आली होती. "किशनराव हैदराबादला गेलाय म्हणं, कुठल्या नवाबाच्या कोठीवर. औंदा जिवतीचा कागद कुठनं आणावा गं चंद्रभागा?"

दरवर्षी तोच पुरवतो. श्रावण लागला की बायका तो कागद भिंतीला डकवतात आणि लेकराबाळांसाठी दर शुक्रवारी पूजतात. मधे जिवती लेकरं घेऊन बसलेली, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती, वर कालियाच्या डोक्यावर कृष्ण. आणि शेजारी नरसिंह, हिरण्यकश्यपूला मांडीवर आडवा घेऊन त्याचं पोट फाडणारा.

पोट फाडणारा!

प्लॅन असा. औंदाची जिवती मी कापणार. हिरण्यकश्यपूला किशनरावाचं तोंड देणार, मिशांसकट. घरोघरी, भिंतीभिंतीवर किशनराव उताणा पडलेला आणि आतडी बाहेर. पूर्ण श्रावण! आणि तो परत येईल तेव्हा सगळ्या तालुक्यानं त्याचं पोट आतून बघितलेलं असेल.

असा सूड कुणी घेतला नसेल. कुणाला सांगणार नाही. आत्याला नाही, मामांना नाही.

संध्याकाळी निंगप्पाला सांगितलं. पण तो सुतार आहे, त्याचं चालतं.

११ जुलै, रविवार

निंगप्पानं फळी दिली, कुणाच्या तरी दारातून उरलेली. देताना म्हणाला, "अण्णा, हिची शीर आडवी हाय. लाकूड शिरंच्या रेघेवर फुटतं. बारीक बारीक काही ठेवू नको, उडून जाईल. मिशी तर न्हाईच."

मी म्हणालो, आर्टमध्ये सुताराचं काम नाही. तो म्हणाला, "मग माझी कोरायची पटाशी परत दे."

पटाशी परत दिली नाही.

निश्चय:
पहाटे उठून कापायला बसायचं.
कुस्त्या बंद.
कुणाशी बोलायचं नाही.
किशनरावाचं नाव घेऊन रोज एक तरी घाव.

१८ जुलै, रविवार

आठवडा बिदरमध्ये गेला. कामासाठीच गेलो होतो. नरसिंह कापायचा तर सिंह बघायला पाहिजे, आणि बिदरच्या किल्ल्यात शर्जा दरवाजावर दगडात कोरलेले वाघसिंह आहेत.

दरवाजापर्यंत पोचलो नाही. वाटेत बिदरीकाम करणारा चांदीची तार सुरईत ठोकत होता, तिथं बसलो. मग तो म्हणाला, चला, कव्वाली आहे. कव्वाल मोठा माणूस निघाला. त्याच्याबरोबर भालकीपर्यंत गेलो. तबलजीचं आणि त्याचं भांडण लागलं, मिटवावं लागलं. मिटलं नाही. मलाच टाळ्या द्यायला बसवलं.

सिंह राहिला. काही बिघडत नाही. सिंह म्हणजे काय, मोठं मांजरच. आत्याकडं मांजर आहे.

२२ जुलै, गुरुवार

हिरण्यकश्यपूचं तोंड कापायला घेतलं. अडचण अशी की पोट फाडल्यावर माणसाचं तोंड कसं होतं हे दाखवायला किशनराव काही येऊन बसणार नाही. म्हणून आत्याचा आरसा घेतला, सदरा काढला, खाटेवर उताणा पडलो, आरसा वर धरला आणि पोट फाडल्यासारखं तोंड केलं. डोळे पांढरे, जीभ थोडी बाहेर. उत्तम आलं. एका हातानं आरसा, एका हातानं कोळशानं फळीवर रेघा.

तोंड किशनरावाचंच. आरशातून नुसता भाव घेतला.

तेवढ्यात आत्या आली आणि ओरडली. शेजारची ईरम्मा धावत आली. "अय्यो, अक्का, पोराला लागलंय!" मीठ-मिरच्या उतरल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून ईरम्मा म्हणाली, बाधा मोठी आहे. मग ठसका आला तेव्हा म्हणाली, निघाली.

दिवस वाया.

२५ जुलै, रविवार

आज नरसिंहाची नखं कापली. एकेक नख किशनरावाच्या पोटात कसं शिरेल ते मनात आणून कापलं. भर बाजारातलं ते हसणं आठवायचं आणि पटाशी हळूच सारायची. घाई केली नाही. कुणाला लगेच फाडण्यात काय मजा?

जेवायला हाक मारली ती ऐकू आली नाही म्हणे. वेशीत कुस्त्यांची हलगी वाजत होती तीही ऐकू आली नाही. नंतर निंगप्पा येऊन सांगून गेला, फार चांगली जोड झाली म्हणून.

चुकली. हेही किशनरावाच्या खाती.

२८ जुलै, बुधवार

मिशी उडाली.

कापताना नाही. कापून पुरी झाली होती, शेंड्याला पीळसुद्धा दिला होता. फुंकर मारून भुसा उडवला तर भुशाबरोबर डावी मिशी गेली. खाली शोधली. कोंबडीनं खाल्ली असावी.

एकच मिशी बरी दिसेना. उजवीही काढून टाकली. आता हिरण्यकश्यपूचा वरचा ओठ माझ्यासारखा साफ आहे. पण खऱ्या आर्टिस्टला मिशीची गरज नसते. किशनरावाची घमेंड त्याच्या डोळ्यांत आहे, ती मी नेमकी धरली आहे. लहान लेकरूसुद्धा ओळखेल.

निंगप्पानं फळी बघितली. म्हणाला, "सांगितलो होतो." मग नखांवरून अंगठा फिरवत जरा वेळ उभा राहिला. पटाशी मागितली. दिली नाही.

१ ऑगस्ट, रविवार

नरसिंहाचं तोंड झालं. मांजर समोर धरायला आत्याला सांगितलं होतं. मांजरानं आत्याला ओरबाडलं, आत्यानं मांजर सोडलं. आठवणीनं कापलं. मांजराच्या मिशा बारीक असतात, पण मी आता शहाणा झालोय. नरसिंहाला चांगल्या जाड मिशा ठेवल्या, टिकाऊ, दोन्ही अंगांनी वर वळवून. एक काडी उडाली नाही.

बाकी देव भराभर उरकले. बृहस्पतीचा वाघ जरा कुत्र्यावर गेलाय. जिवतीच्या मांडीवर लेकरं तीन कापायची होती, जागा उरली म्हणून जास्त बसवली.

३ ऑगस्ट, मंगळवार

छापलं! जवसाच्या तेलात काजळी खलवून शाई केली. कागद फळीवर घालून आत्याच्या पितळी वाटीच्या बुडानं घासला. पहिला कागद उचलला तेव्हा अंगावर काटा आला. नखं अशी उठली होती की मलाच पोट आत ओढून घ्यावंसं वाटलं.

दिवसभर छापत राहिलो. वाटी काळी झाली. आत्यानंच ती राखेनं घासून काढली. जिवतीचं काम म्हणून.

राजूबाई पहिला कागद घेऊन गेली. लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "लई वळखीचं वाटायलंय रे, ग्यानबा."

मी गालात हसलो. ओळखलं!

६ ऑगस्ट, शुक्रवार

दिव्याची अवस. आज घरोघरी जिवती डकवल्या. गल्लीतून सावकाश चालत गेलो, दाराआडून दिसणाऱ्या भिंती बघत. या भिंतीवर फाडला, त्या भिंतीवर फाडला. हुमनाबादला दिलेल्या माहेरवाशिणीही कागद घेऊन गेल्यात. म्हणजे खुद्द त्याच्या गावात!

घरी आत्यानं मात्र कागद डकवून झाल्यावर एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "काय गं?" म्हणालो. "काही न्हाई," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. काजळी गेली असेल.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला शुक्रवार.

सूड कसा चाललाय ते बघायला राजूबाईकडं गेलो. आघाडा-दूर्वांची माळ घातलेली, लेकरांना ओवाळून झालेलं, बायका जमलेल्या. राजूबाई म्हणाली, "ये की ग्यानबा, तुझंच बघायलोत."

तिची नात म्हणाली, "माय, नरसिंह म्हंजी हुमनाबादचे किशनरावच की!"

"व्हय गं बाई. मिशा बघ की, हुबेहूब."

"अन् खाली पडलाय तो?"

सगळ्यांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पदर तोंडात घातले. राजूबाईनं मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कामून रे लेकरा, किशनरावानं तुला इतकं मारलं व्हय?"

मी सांगितलं, तो मी नाही, तो किशनराव आहे. म्हणाली, "किशनराव वर हाय की." मी म्हणालो, वर आहे तो नरसिंह. म्हणाली, "त्येच म्हणायलोत आम्ही."

मग तिनं बायकांना समजावून सांगितलं. "पोरानं कबुली दिली गं. मी राकूस होतो, गुरूनं माझी मस्ती फाडली. एवढ्या लहान वयात केवढी समज!" एका म्हातारीनं माझ्या पाया पडायला काढलं.

गुरुभक्ती! मी! किशनरावाची!

घरी आलो तर आत्यानं पूजा केलेली. नरसिंहाला कुंकू. आणि हिरण्यकश्यपूच्या फाटलेल्या पोटावर हळदीचा जाड लेप. विचारलं, हे काय? म्हणाली, "जखमेला हळद बरी असती."

जेवलो नाही. थोडंसंच जेवलो.

१७ ऑगस्ट, मंगळवार

लोकांना चित्र बघता येत नाही, हीच या मुलखाची रड आहे.

रस्त्यानं निघालो की पोरं भिंतीआडून गुरगुरतात. एकानं विचारलं, "ग्यानबाकाका, आतडी परत आत गेली का?" पाणवठ्यावर निंगप्पा भेटला. तो हसला नाही. त्याचंच जास्त लागलं.

उपाय केला. कोळसा घेऊन राजूबाईकडं गेलो आणि हिरण्यकश्यपूला मिशी काढायला लागलो. उजवी झाली होती. डावी सुरू करणार तोच तिनं बघितलं. पूजेतल्या कागदाला कोळसा लावला म्हणून केरसुणी घेऊन वेशीपर्यंत आली. आता गावात असं झालंय की राक्षसाला परत मस्ती चढली.

२१ ऑगस्ट, शनिवार

दुसरा उपाय. मिशी फळीवरच परत बसवायची. एकदा काढलेलं लाकूड परत येत नाही, ही या कलेतली मोठी खोट आहे. कुणीतरी सुधारायला पाहिजे. मी लाकडाच्या बारीक कपच्या कापून डिंकानं चिकटवल्या आणि नवे कागद छापले.

शाई लागल्यावर डिंक सुटला. मिशी सरकली. पहिल्या कागदावर ती नरसिंहामागच्या खांबाला लागली. दुसऱ्यावर शेजारी हात जोडलेल्या प्रल्हादाला.

मिशीवाला प्रल्हाद बघून मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. गेल्या साली आजारी पडले त्यानंतर इतके कधी हसले नव्हते, असं आत्या म्हणाली, जणू मी त्यासाठीच केलंय.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

किशनराव हैदराबादहून परत आला. ईरम्माचा दीर हुमनाबादच्या मोटार-अड्ड्यावर होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं. किशनराव मोटारीतून उतरला तर दोन बायकांनी हात जोडले. एकीनं खोकणारं लेकरू त्याच्या पायावर घातलं. तो मागं मागं सरकायला लागला. "अहो बाई, मी ठसेवाला, मी ठसेवाला!" ती म्हणाली, "देव असंच म्हणतेत."

मग कुणीतरी त्याला कागद दाखवला. तो दुकानाच्या पायरीवर बसून बघत बसला. हसला नाही, चिडला नाही. घडी करून खिशात घातला आणि आत गेला.

घाबरला! शेवटी बाण लागला. काय लागलं ते मात्र नीट कळत नाही.

३१ ऑगस्ट, मंगळवार

आता कागदाचं काम संपलं. समोरासमोर. हुमनाबादला जाऊन भर बाजारात त्याला ओरडून सांगणार: खालचा तू आहेस!

सकाळीच निघालो. वाक्य पाठ केलं होतं. अर्ध्या वाटेत एक मालमोटार चिखलात रुतलेली. ढकलायला गेलो. निघाली. ड्रायव्हर म्हणाला बसा, सोडतो. ती उलटीकडं चालली होती हे बसल्यावर कळलं.

वाक्य अजून पाठ आहे.

३ सप्टेंबर, शुक्रवार

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. उद्या पोळा. मामा गाडीच्या चाकाला वंगण घालत होते. मी बघतोय हे बघून जरा जास्तच घातलं.

मी म्हणालो, एक शहाणा माणूस येऊन गेला की. राजूबाईनं सगळ्यांसमोर माझी समज वाखाणली. मामा म्हणाले, "ती समज वाखाणली. मी काम म्हणालो होतो. अन् ती शहाणी न्हाई, पाटलीण हाय."

निंगप्पाला बोलावून आणलं. मामांनी विचारलं, "काय रे, हाय का ह्याच्या हातात काही?" तो म्हणाला, "माझी पटाशी हाय." मग म्हणाला, "नखं झ्याक हायत, धनी. बाकी मला कळत न्हाई. मी दारं करतो."

"नखावर पोट भरत न्हाई," मामा म्हणाले.

रात्री आत्या म्हणाली, आडतीत सावली असते. हे चांगलं म्हणून सांगत होती.

४ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

पोळा. बैल धुऊन आणले, शिंगं रंगवायला घेतली. हिंगूळ उरलाय, कुणाला काही रंगवायचं आहे का, असं मामांनी माझ्याकडं बघून विचारलं.

पुरण घालायचं तर सरपण ओलं. आत्या फुंकणी फुंकून फुंकून रडकुंडीला आलेली. मी आत गेलो, फळी आणली आणि कुऱ्हाडीनं फोडली. शीर आडवी, लगेच फुटली. आत्या नको नको म्हणत होती. मी म्हणालो, घाल. तिनं परत विचारलं, "खरंच घालू?" मी म्हणालो, घाल, किशनरावाला घाल, नरसिंहाला घाल, सगळे देव घाल. आर्टनं मला सोडायच्या आधी मी आर्ट सोडलं, हे लक्षात ठेवा सगळ्यांनी.

जवसाच्या तेलामुळं झकास पेटली. पुरण मऊ शिजलं. मामा म्हणाले, तुझ्या लाकडाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

हलकं वाटतंय. उद्या आडतीत जाणार, आनंदानं जाणार. मापं ओतता ओतता खरा सूड आखायला सवड मिळेल. किशनरावाची ज्वारी कधीतरी मापायला येईलच.

त्याच दिवशी, दिवेलागण

घाईत लिहितो. कोठीत, कणगीमागं बसून.

किशनराव आलाय. आलेत.

मामा बैलांना पोळी चारत होते तर वाटेनं आधी मिशा दिसल्या. आत्या म्हणाली, आत या. ते म्हणाले, पाय चिखलाचे आहेत, सणाचं सारवलेलं घर, इथंच टेकतो. उंबऱ्यावर बसलेत. ना आत, ना बाहेर. ना दिवस, ना रात्र. मांडीवर दोन्ही हात.

आत्या आत येऊन कुजबुजली, "भायेर ये रे. त्ये म्हणायलेत, पोट फाडत न्हाई म्हणावं."

मी गेलो नाही. भिंतीला कान लावला.

"उद्धवराव," ते मामांना म्हणाले, "सगळा तालुका मला देव करून बसलाय, त्याचं मी बघून घेतो. मी कागद लई दिवस खिशात घेऊन फिरायलोय. तोंडं भिकार हायत. वाघ कुत्र्यासारखा हाय. पण ती नखं कापणारा हात माझ्या दुकानात दुसरा न्हाई. मी धरून. पोराचाच हात हाय का, ते मला बघायचंय. कागद फसवतो, फळी फसवत न्हाई. फळी दाखवा. हात खरा निघाला तर सकाळच्या मोटारीनं संगं नेतो."

मग मामांनी हाक मारली. असल्या आवाजात त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "ग्यानबा! फळी आण बाबा!"

आत्या चुलीतली राख दोन्ही हातांनी उकरतेय. एकच तुकडा निघाला, अर्धा जळका. नखांचा नाही. माझ्या हातात दिला, पदरानं पुसून.

मी आहे त्यावर. मीच. डोळे पांढरे, जीभ थोडी बाहेर.

मामांनी परत हाक मारली. उंबऱ्यावरून किशनराव म्हणाले, "येऊ द्या सावकाश. मी बसलोय."